फिटरच्या कॉलरवरची पांढरी धूळ

किरणोत्सारी धातूच्या कारखान्यात हवा तपासायचं काम ताईंकडे होतं. रोज सकाळी त्या प्रत्येक कामगाराच्या कॉलरला एक छोटा पंप अडकवायच्या. तो दिवसभर नाकाजवळची हवा ओढायचा आणि हवेतले कण फिल्टरच्या कागदावर धरून ठेवायचा.

एका सोमवारी तिथल्या एका आडदांड फिटरचा कागद पांढऱ्या धुळीने माखलेला निघाला. ताईंनी तो घाईघाईने चिमट्याने उचलून मोजणी यंत्रात ठेवला. यंत्र ढिम्म! किरणोत्सार औषधालाही नव्हता. कागदाला गुलाबाचा घमघमाट मात्र येत होता.

"दादा, तुम्ही पावडर लावता?"

फिटर लाजून लालेलाल झाला. "थोडीशीच हो, ताई. बायको म्हणते, घामाचा वास येतो."

"थोडीशी? अहो, पंप गुदमरून बंद पडला! उद्यापासून पावडर बंद."

फिटरने पावडर बंद केली. तिसऱ्या दिवशी त्याच्या विभागातले अकरा जण ताईंच्या दारात हजर झाले. सगळ्यात पुढे रडकुंडीला आलेला वेल्डर होता.

"ताई, किरणोत्सार आम्ही सोसू, पण याला पावडर लावू द्या!"

ताई स्वतः पाहायला गेल्या आणि दारातूनच माघारी फिरल्या. जागेवर बसून त्यांनी नवा नियम लिहिला: 'पावडर फक्त काखेत लावावी, गळ्याला नाही.' साहेबांनी न वाचताच सही ठोकली आणि तो नियम भिंतीवरच्या हेल्मेटच्या सूचनेखाली दिमाखात लागला.