त्याच आठवड्याची हवा

आई गेली त्या आठवड्याची हवा माझ्या संगणकात आहे. हे काही मी मागून घेतलेलं नाही. शहरावर धुराचा दाट थर साचला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि आमच्या साहेबांनी अभ्यासासाठी नेमका तोच आठवडा उचलला. संगणकातल्या हवेच्या मॉडेलमध्ये एकच आठवडा पुन्हा पुन्हा चालवायचा असतो. सोमवारी सुरू करायचा, रविवारी संपवायचा, एखादा आकडा बदलायचा, की परत सोमवार. गुरुवारी आई जाते. मॉडेलला त्याचा पत्ता नसतो आणि खरं सांगायचं तर मलाही काही वाटत नाही. गुरुवार येतो, आलेख पुढे सरकतो, मी चहा पिते.

"एकदा पोटभर रडून घे बाई," मावशी फोनवर सांगते. मी "बघते" म्हणते, जणू तिनं मला गॅसचा नंबर लावायला सांगितलाय.

माझं काम हवेतल्या क्लोरीनचं. रात्री गाड्यांच्या धुरातले वायू आणि धुळीवर बसलेले क्षार यांच्यातून एक वायू तयार होतो. अंधारात तो गुपचूप पडून राहतो. ऊन आलं की फुटतो, त्यातला क्लोरीन मोकळा सुटतो आणि सकाळी सकाळीच ओझोन वाढायला लागतो. हा ओझोन छातीला वाईट. कचऱ्यातलं प्लॅस्टिक जाळलं की क्लोरीनला आणखी खाद्य मिळतं. पुष्कळ मॉडेलं या भानगडीत पडतच नाहीत, त्यामुळे त्यांच्या मते सकाळची हवा चांगली असते. सकाळी फिरायला जाणाऱ्या सगळ्यांचंही तेच मत असतं.

बाबा त्यांतलेच. आईचा दमा जुना, पण शेवटच्या महिन्यात तो फारच बळावला. बाबा तिला उजाडता उजाडता हाताला धरून बागेपर्यंत न्यायचे. ती नको म्हणायची, ते तिला गोडीगुलाबीनं उठवायचे. आता ते एकच प्रश्न धरून बसलेत.

"तू हवेचंच काम करतेस ना? मग मला सांग. मी तिला बाहेर नेत होतो, त्यानं झालं का?"

"बाबा, एका माणसाचं असं सांगता येत नाही."

"आख्ख्या शहराचं सांगता येतं आणि एका माणसाचं येत नाही? मग काय उंटावरून शेळ्या हाकता होय गं तुम्ही?"

एरवी असा टोमणा मारून ते स्वतःच हसले असते. पाणीपुरवठा खात्यात त्यांचा जन्म गेला, शहराच्या पाण्यात क्लोरीन सोडायच्या कामावर. तिथल्या लोकांना टोमण्यांशिवाय दिवस जात नाही. आता ते ताट समोर घेतात, घास चिवडतात आणि उठतात. बागेचा रस्ता टाळून लांबच्या रस्त्यानं जातात. शर्ट अंगावर लोंबायला लागलाय. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, हे असंच चाललं तर यांनाच दाखल करावं लागेल. म्हणून मी बाबांना शब्द दिला, की मॉडेल जे सांगेल ते तुम्हाला सांगेन. मॉडेल त्यांना सोडवेल असं मी धरून चालले होते.

त्यानं सोडवलं नाही. आमच्या ऑफिसात गच्चीवरची हवा नळीनं ओढून मोजणारं यंत्र आहे. ते रोज सकाळी क्लोरीनचा उंच सुळका दाखवायचं आणि माझ्या मॉडेलमध्ये त्या जागी नुसता उंचवटा यायचा. आमच्या धंद्यात अशा वेळी यंत्राला खोटं पाडायची घाई करत नाहीत, आपणच काहीतरी कमी धरलं असं समजतात. मी कचरा जाळणं दुप्पट धरलं. पुरेना. चौपट धरलं, तेव्हा रेषेवर रेषा बसली. साहेबांनी पाठ थोपटली. त्या हिशेबानं बागेतली सकाळ भयंकर निघाली. दम्याच्या माणसाला त्या वेळी बाहेर नेऊ नये, असं मीच अहवालात लिहिलं. घरी मात्र "अजून काम चालू आहे" असं सांगत राहिले. तोंडात मूग धरून बसणं मला छान जमतं.

मग एका दुपारी मीटर आला. मीटर म्हणजे आमचा यंत्रवाला. कुठलीही वस्तू दिसली की आधी मीटर लावून बघतो, म्हणून हे नाव. तो खुर्ची ओढून बसला आणि उगाच खाकरला.

"चिडू नकोस. तुझा सुळका गेला."

"गेला म्हणजे?"

"यंत्राच्या खोलीत सकाळी लादी पुसतात ना, ब्लीचच्या पाण्यानं. आपली नळी त्याच खोलीतून वर गच्चीवर जाते आणि तिला जोडापाशी जुनी चीर पडलीय. यंत्र बाहेरची सोडून खोलीतलीच हवा हुंगत बसलं होतं. मी पुसणं थांबवलं, सुळका गायब."

"मग बाहेर काय आहे?"

"बाहेर तुझं पहिलंच मॉडेल बरोबर होतं. जरासा उंचवटा." तो हसला. "एका बादलीनं आख्ख्या शहराला मागं टाकलं बघ. बंद खोली ना. बाहेर वारा तरी असतो, इथून क्लोरीन जाणार कुठं?"

बाबा सुटले, हा पहिला विचार. त्यांना कळवायला मी फोन उचललासुद्धा. नंबर लावायच्या आधीच खाली ठेवला.

शेवटच्या महिन्यात आईला बाहेरून काही लागण होऊ नये म्हणून बाबा घरातली लादी दिवसातून दोनदा ब्लीचनं पुसायचे. धूर आत येऊ नये म्हणून खिडक्या गच्च लावलेल्या. मी ऑफिसातून आले की डोळे चुरचुरायचे आणि मी, क्लोरीनवर पगार घेणारी बाई, बाहेरच्या धुराला शिव्या घालत हातपाय धुवायची.

त्या ब्लीचनंच आई गेली असं जगातलं कुठलंही मॉडेल सांगू शकणार नाही. पण बाबांना ते पटायचं नाही. ठरवलं, फिरण्याचं तेवढं सांगायचं आणि बाकीचं गिळून टाकायचं.

घरी पोचले तेव्हा बाबा फडकं पिळत होते. आई गेली तरी पुसणं चालूच आहे. मी चप्पल न काढताच सांगून टाकलं.

"बाबा, फिरण्यानं झालं नाही. यंत्रात चूक होती. सकाळची हवा मला वाटली तेवढी वाईट नव्हती. तुम्ही नेलंत म्हणून काही बिघडलं नाही."

ते होते तिथेच भिंतीला टेकले.

"नक्की?"

"नक्की."

त्यांचा जीव भांड्यात पडला. मला तो पडताना दिसला. तोंडावरून हात फिरवून ते म्हणाले, "वाढतेस का मला?" मी वाढलं. ते जेवायला लागले, भूक लागलेल्या माणसासारखे. परत वाढून घेतलं. उद्यापासून बागेत जाईन म्हणाले. खाता खाता सहज विचारलं, "यंत्रात काय चूक निघाली?"

"नळीला चीर होती."

ते खात्यातले. गळती म्हटली की त्यांचे कान टवकारणारच. "मग आत काय शिरत होतं?"

"खोलीतली हवा."

"खोलीतल्या हवेत क्लोरीन कुठनं आला?"

मी पाण्याचा तांब्या उचलला. त्यांचा पेला भरलेलाच होता. मला खोटं बोलता येत नाही, गप्प बसता येतं, आणि माझं गप्प बसणं त्यांना मी लहान असल्यापासून वाचता येतं.

त्यांचा हात ताटावर थांबला. त्यांनी लावलेल्या खिडक्यांकडे एकेक करून बघितलं.

"आमच्या क्लोरीनच्या खोलीत," ते सावकाश म्हणाले, "पंखा लावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता. नव्या पोरांना मीच दरडावायचो."

"बाबा, त्यानंच झालं असं कोणीच सांगू शकत नाही. मीही नाही."

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

"तिला मी विचारलं होतं, वासाचा त्रास होतो का म्हणून. तर म्हणाली, नाही हो, बरं वाटतं. तुम्ही ड्यूटीवरून यायचात तेव्हा तुमच्या शर्टाला असाच वास यायचा." हातातला घास त्यांनी ताटात ठेवला. "मग मी पाण्यात थोडं जास्तच ओतायला लागलो."