हाडांच्या परीक्षेतली कॉपी

मित्रांनो, नमस्कार करायला मला हात एकच आहे, आणि तोही तुमच्या अंगावरून फिरवण्यापुरता दिलेला. मी हाडांची घनता मोजणारे एक जुने यंत्र आहे. नवे होते तेव्हा डॉक्टर स्वतः माझ्या गादीवर झोपून बघायचे. पुढे शेजारच्या खोलीत बोगद्यासारखे मोठे मशीन आले. त्याला लोक घाबरतात, म्हणून त्याला मान आहे. माझ्या खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवतात.

खरेच, घाबरण्यासारखे माझ्यात काही नाही. धातूचा पट्टा, बटणे काढायची. उताणे झोपायचे, पाय ठोकळ्यावर ठेवायचे, मग पाऊल जरा आत वळवून स्वस्थ पडायचे. सुई नाही, दुखणे नाही. क्ष-किरण असतात, पण अगदी थोडे. गरोदर असाल तर मात्र आधी सांगा. आणि आदल्या दिवसापासून कॅल्शियमच्या गोळ्या बंद. हे शेवटचे वाक्य ऐकून लोक मान डोलावतात, एवढेच.

एके सकाळी मोठ्या बाई आल्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. पडून मनगट मोडल्यापासून मुलीने ठरवून टाकले होते, की हाडे ठिसूळ निघाली तर आईने ते घर बंद करून आपल्याकडे यायचे.

“अंग सैल सोडा, आजी,” टेक्निशियन म्हणाली.

“आजी घरी. इथे बाई म्हणा.”

माझा हात फिरला. कण्याचे आकडे इतके झकास आले की मी मनातल्या मनात बाईंची पाठ थोपटली. टेक्निशियनने मात्र पडद्यावरचे चित्र पुन्हा पाहिले. मणक्यांवर पांढऱ्याशुभ्र गोल चकत्या बसल्या होत्या.

“बाई, आज कॅल्शियम घेतलंत?”

बाई छताकडे बघत राहिल्या.

“किती?”

“मूठभर. परीक्षा होती ना.”

जन्मभर मुलांच्या बाहीतून चिठ्ठ्या काढणाऱ्या बाईंचे कान लाल झाले. मलाही तोंड लपवावेसे वाटले. न विरघळलेली गोळी कुठली आणि हाड कुठले, हे मला कळलेच नव्हते. पांढरे दिसले की गुण द्यायचे, एवढीच माझी विद्या.

“मुलीला सांगू नका. मशीन बिघडलं म्हणा.”

“मशीनवर ढकलून काय उपयोग, बाई? त्या ऐकतायत.”

दार मघाशीच उघडले होते. दारात आईची पर्स धरून मुलगी उभी होती.

“माझ्याकडे यायची एवढी धास्ती घेतलीस?”

“तुझ्याकडे मला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाहीत गं. बसवून ठेवतात. शोकेसमधल्या बाहुलीसारखं.”

मुलगी पर्सची चेन उघडत आणि लावत राहिली.

पुढच्या आठवड्यात बाई गोळ्या न घेता आल्या. तरुण, निरोगी हाडांशी ताडून मी आकडा दिला. तो बराच खाली होता.

“नापास,” बाई म्हणाल्या.

“यात पास-नापास नसतं, बाई. रिपोर्ट बघून डॉक्टर औषध ठरवतील, व्यायाम सांगतील.”

बाईंनी मुलीकडे पाहिले. सामान बांधायला कधी लागायचे, हे विचारण्याचीच त्यांची तयारी दिसत होती.

“जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावला, तर चढशील?” मुलीने विचारले.

“चढेन की.”

“मग मी रविवारी सुताराला घेऊन येते. आणि पाणी तू दे आम्हाला.”

मित्रांनो, माझ्याकडे येताना गोळ्या घरी ठेवा. आणि घरातल्या मोठ्यांना माझ्याकडे धाडण्याआधी, त्यांना कशाची भीती वाटते तेही विचारून घ्या. आकडा मी देईनच. पण त्या आकड्याचे घरी काय होणार, या धास्तीने कोणी माझ्या गादीवर अंग चोरून झोपले, की मला फार ओशाळल्यासारखे होते.