नाही म्हणायची तालीम

आमच्या थॉर्नहोपच्या खोऱ्यात नोव्हेंबरात धुकं उतरलं की मार्चपर्यंत ते नीटसं उठत नाही. माणसं त्यातून येतात आणि त्यातच परत जातात. दवाखान्याच्या खिडकीतून मला आधी टोपी दिसते, मग मेंढ्यांमागचा कुत्रा आणि सगळ्यात शेवटी पेशंट. मी ज्युडिथ नॅट्रस, गेली एकवीस वर्षं इथली नर्स. डॉक्टर पीअर्ट माझ्याहून जुने, अर्ध्या खोऱ्याची बाळंतपणं त्यांच्या हातची. तिसरी डोरीन. ती फोन घेते, आणि कोण खरंच आजारी आहे हे डॉक्टरांच्या आधी ठरवून मोकळी होते.

ऑक्टोबरात पत्र आलं. दुबळ्या हृदयामुळे ज्यांना धाप लागते त्यांच्यासाठी एका गोळीचा अभ्यास सुरू होणार होता, आणि या वेळी तो मोठ्या इस्पितळांत न होता गावोगावच्या दवाखान्यांत व्हायचा होता. इच्छुकांनी कळवावं. कळवलं तर मग तयारी, शिक्षण, तपासणी, आणि त्यात उतरलो तरच परवानगी. डॉक्टर म्हणाले, "ज्युडिथ, आपल्याला कुठे झेपणार हे?" मी म्हटलं, "मी करते सगळं." इतक्या पटकन म्हटलं की डोरीनने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

खरं सांगते. वैद्यकशास्त्रात भर घालायची मला काही हौस नव्हती. मला ती गोळी मामासाठी हवी होती.

मामा म्हणजे विल्फ टॅलेंटायर. दगडी बांध घालणारा. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. वरच्या डोंगरावरचे निम्मे बांध त्याच्या हातचे. मी पाच वर्षांची असताना आई गेली, वडिलांचा पत्ता कधीच नव्हता. मामाने मला वाढवलं, एकट्याने, लग्नबिग्न न करता. आता ऐंशीचा झालाय आणि स्वतःच्या फाटकापर्यंत जाताना दोनदा थांबतो. शहरातल्या इस्पितळात असले अभ्यास नेहमी चालतात, पण तिथे जायला दोन बस आणि अख्खा दिवस. फाटकापाशी थांबणारा माणूस तिथे कसला पोचतोय.

दर बुधवारी दुपारी दवाखाना बंद ठेवून आम्ही शिकायला बसू लागलो. शिकवायला आणि तपासायला अभ्यासवाल्यांकडून, शहरातून अबेना यायची. उंच, शांत आवाजाची, घाटातल्या धुक्याला शिव्या देत आत येणारी. तिने पहिल्याच दिवशी आमची अब्रू काढली. औषधांच्या फ्रिजचं तापमान रोज लिहायचं असतं. डोरीनच्या वहीत आकड्यांऐवजी रोज एकच ओळ होती, 'थंड आहे.'

"किती थंड?" अबेनाने विचारलं.

"हात घालून बघते ना मी," डोरीन म्हणाली. "वीस वर्षांत कुणी मेलं नाही."

चुकलेल्या आकड्यावर व्हाइटनर लावायचं नाही, एक आडवी रेघ मारायची, खाली सही नि तारीख. कोण काय काम करणार त्याची यादी. कागद कुठल्या कपाटात, कपाटाची किल्ली कुणाकडे. डॉक्टरांनी पाकिटांच्या पाठीवर टिपणं लिहायची सवय सोडायची. ते बिचारे खिशातली पाकिटं काढून टेबलावर ठेवू लागले, शाळेत गोट्या जप्त झाल्यासारखे.

मग संगणकावरचे धडे. पेशंटचे हक्क, गुप्तता, धोका. खोलीत हीटरची ऊब, बाहेर पांढरं सगळं, आणि पडद्यावर कुणीतरी हळू आवाजात बोलतंय. माझी पापणी जड व्हायची. डोळे मिटले की मामा दिसायचा. डोंगर चढत असायचा, बांधावरून हात फिरवत, आणि थांबतच नसायचा. मी खालून हाक मारायचे, तो वळून बघायचा नि पुन्हा चालू लागायचा. एकदा तर धडा संपून प्रश्न आले तरी मी त्याच्यामागे चालतच होते. दहापैकी चार बरोबर आले. पुन्हा परीक्षा दिली तेव्हा दहा.

डिसेंबरात अबेना म्हणाली, आता संमती घ्यायची तालीम. तिने एक खोटा अभ्यास रचून आणला होता, गुडघ्याच्या मलमाचा. गावातल्या बारा जणांना बोलावून मी ते मलम समजावून सांगायचं, आणि ठरवायचं त्यांचं त्यांनी.

बारा जण आले. बाराही जणांनी सही केली. सात जणांनी मी पहिलं पान उलटायच्या आत केली. मिसेस एमर्सनने स्वतःची केलीच, वर नवऱ्याचीही करून टाकली, "तो मेंढ्यांकडे गेलाय, त्याचं काही म्हणणं नसतं." म्हातारा कटबर्ट तर म्हणाला, "माझे गुडघे चांगले आहेत गं, पण डॉक्टरांसाठी कायपण."

अबेनाने कागद गोळा केले. "एकही नकार नाही?"

"इथे तोंडावर नाही म्हणत नाहीत," डॉक्टर म्हणाले. त्यांना जरा लाज वाटत होती. "दारात आलेल्याला हाकलून दिल्यासारखं वाटतं लोकांना. हो म्हणतात, चहा देतात. नसेल जमत तर नंतर येत नाहीत, एवढंच."

"तुम्हाला कुणी कधी नाही म्हटलंय, डॉक्टर?"

डॉक्टरांनी बराच वेळ विचार केला. "नाही," ते म्हणाले.

"ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होचं मी काय करू?" अबेना म्हणाली. "फेब्रुवारीत येते. तोवर यांना नकार द्यायला शिकवा. नाहीतर तुमचा दवाखाना तयार आहे असं मी लिहिणार नाही."

मला तिचा असा राग आला की बस. धाप लागणाऱ्या माणसाच्या वाटेत ही कोण सभ्यपणाची परीक्षा घेणारी! पण तिची गाडी धुक्यात शिरून दिवे दिसेनासे झाले, आणि मला कळलं की तिचं बरोबर आहे. म्हणून आणखी राग आला.

सराव मी रविवारी मामाकडे करायचे. जेवण झालं की टेबलापलीकडे बसून मलम समजवायचे. यात भाग घेतलाच पाहिजे असं नाही. नाही म्हटलंत तरी तुमच्या उपचारांत काही फरक पडणार नाही. कारण सांगायची गरज नाही.

"हो," मामा म्हणायचा.

"मामा, ऐकून तरी घे."

"तू सांगतेयस ना. मग हो."

"तू माझी बाजू घेऊ नकोस! मी परकी बाई आहे असं समज."

"परकी बाई माझे बटाटे खात नाही."

शेवटी मी लहान लहान गोष्टींपासून सुरुवात केली. अजून रस्सा वाढू? नाही म्हण. खिडकी लावू? नाही म्हण. त्याला आधी अवघडल्यासारखं व्हायचं, कान लाल व्हायचे. मग गोडी लागली. चर्चच्या गायकांसाठी चहाचे कप धुवायला त्याने नकार दिला, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. गावात त्याची चर्चा झाली. जानेवारी संपेस्तोवर साथच पसरली म्हणा ना. मिसेस एमर्सनला नवऱ्याने सूप नको सांगितलं. डोरीनने डॉक्टरांना सांगितलं, "नाही, तुमचा फोन तुम्हीच घ्या," आणि आपण तयारी करतोय अशी सबब दिली.

फेब्रुवारीत पुन्हा तालीम झाली. बारापैकी तिघांनी नाही म्हटलं. कटबर्टने तर उभं राहून म्हटलं. अबेना हसली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात परवानगीचा कागद आला, आणि त्या दिवसापासून माझं स्वप्न दिवसाढवळ्या पडू लागलं. सिरिंज मोजताना, कुणाच्या पायाला पट्टी बांधताना, मामा आपला चढतोय.

मला नियम पाठ होते. निम्म्यांना खरी गोळी मिळणार, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कुठली हे आम्हालाही कळणार नाही. नात्यातल्या माणसाची संमती मी घ्यायची नाही. त्याच्याशी त्याविषयी बोलून गळ घालायची नाही. मी घातली नाही. पहिल्या दिवशी पहिली वेळ त्याची ठेवली, एवढाच काय तो पक्षपात केला.

तो आला. डॉक्टरांनी दार लावून घेतलं. मी बाहेर नोंदवही उघडून बसले. वीस मिनिटं झाली, तीस झाली. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, सावकाश, मध्ये थांबत, अबेनाने शिकवला होता तसा. मामाचा खोकला ऐकू आला. एक प्रश्नही विचारला त्याने, मला शब्द कळले नाहीत.

दार उघडलं.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," मामा म्हणाला. "मी नाही म्हटलं."

त्याच्यामागे डॉक्टर उभे होते. तीस वर्षांत पहिल्यांदा एखाद्या पेशंटने त्यांना तोंडावर खरंखुरं नाही म्हटलं होतं, आणि आपला चेहरा कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

"का?" माझ्या तोंडून गेलंच.

"ज्युडिथ," डॉक्टर हळूच म्हणाले.

मी मामाला माझ्या खोलीत नेलं, वजन करायच्या नावाखाली. दार लावलं. तो खुर्चीत बसून दम घेत होता आणि मला त्याचा एकेक श्वास ऐकू येत होता. माझ्या मनात सगळी वाक्यं तयार होती. निदान एक महिना तरी घेऊन बघ. माझ्यासाठी घे. आणि मला माहीत होतं की शेवटचं वाक्य म्हटलं तर तो हो म्हणेल. मी ओठ घट्ट दाबून धरले.

"चिडलीयेस," तो म्हणाला.

"हो. सगळा हिवाळा मी तुझ्यासाठी घालवला."

"माहितीये. डोरीन बोलली."

"डोरीनला काही गुप्त ठेवता येत नाही."

"नाही येत."

खिडकीबाहेर पांढरं होतं नुसतं. त्याचा श्वास हळूहळू थाऱ्यावर आला.

"तुला वाटत असेल, हे 'नाही' म्हणणं तू शिकवलंस मला," तो म्हणाला.

"मग कुणी?"

"कपबशांचं तू शिकवलंस. पण तुझी आई गेली तेव्हा एक बाई आली होती, सरकारी. कागद घेऊन. तुझ्यासाठी घर बघितलं होतं तिने. चांगली माणसं होती, बाग होती, पियानो होता. तिने सगळं नीट समजावलं, आत्ता डॉक्टरांनी समजावलं तसंच. पाद्री होते, जुने डॉक्टर होते, सगळे म्हणत होते, विल्फ, तू एकटा बाप्या, तुला पोरीचं काय कळणार, सही कर. पेन हातात दिलं माझ्या."

मला हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं. "मी कुठे होते?"

"स्वयंपाकघरात. कुत्र्याला टेकून झोपली होतीस."

मला काही आठवेना. कुत्रा तेवढा आठवला, त्याची ऊब.

"आणि नाही म्हटलं तरी चालेल," मी विचारलं, "असं सांगितलं होतं तिने तुला?"

"छे," मामा म्हणाला. "ते माझं मलाच सुचलं."

मी रडले. नर्सचा गणवेश घालून, पेशंटसमोर, चांगली हुंदके देऊन रडले. त्याने मला थांबवलं नाही. मग मी नोंदवही ओढली, पहिल्या ओळीत त्याचं नाव लिहिलं, पुढे 'नकार', आणि कारणाचा रकाना कोरा ठेवला.

बाहेर डोरीनने पुढचं नाव पुकारलं. मी त्याचा कोट धरला. त्याने एक हात घातला, थांबून दम घेतला, मग दुसरा घातला. आम्हा दोघांनाही घाई नव्हती.