झोपलेला दिसला की मार

ए थांबा, आधी मी सांगते, मग चहा मागवा. आणि सुयोग, तू मध्ये बोलूच नकोस.

तो देवदत्त माहितीये ना, आमच्या ऑफिसातला, ज्याला मी घरी बसूनपण शिव्या घालते? हां, तोच. आमची अंधेरीची कंपनी लॅबवाल्यांचं काम करते, पेशंटचे ब्लड रिपोर्ट मोबाईलवर पाठवायचं. सिस्टिम स्लो झाली की एक टूल चालवायचं, ते दाखवतं कुठला प्रोग्रॅम किती वेळ खातोय. ते देवदत्तने सात वर्षांपूर्वी बनवलं, आणि ते कसं वापरायचं ह्याची लिहून ठेवलेली एक ओळ नाही. सगळं ह्याच्या डोक्यात. म्हणजे सिस्टिम अडली की अख्खं ऑफिस ह्याच्या खुर्चीमागे हात बांधून उभं. त्याला तेच पाहिजे!

तर आमच्या मॅनेजर, माधुरी मॅडम, बोलल्या, आता हे टूल एआय एजंट चालवणार. तो वाचून काम करतो, त्याच्यासाठी सगळं लिहून काढा. देवदत्त सांगेल, श्रुतिका लिहील. म्हणजे मी! प्रोबेशनवर, शुक्रवारी सहा महिने पूर्ण, एकतर कन्फर्म नाहीतर घरी. आणि आईने आधीच चाळभर सांगून टाकलेलं, आमची पर्मनंट झाली.

पहिल्याच दिवशी बोलतो, "तुला येतं काय?"

मी बोलली, "सर, लिहिता येतं."

"मग लिही. डोकं चालवू नकोस. मी बोलतो तो शब्द, तसाच. बदलायचा अधिकार तुला नाही. आणि वर नाव माझं. टूल माझं, तू फक्त हात."

फक्त हात! यार, काय माणूस आहे.

बाराव्या ओळीला बोलला, "झोपलेला दिसला की मार." आता आमच्याकडे प्रोग्रॅम झोपला म्हणजे अडकला, कामातून गेला. मारायचा म्हणजे बंद करायचा. बरोबर. पण त्या टूलमध्ये ना, जो चांगला धडधाकट आहे, नुसता आपल्या नंबरची वाट बघत बसलाय, त्याच्यापुढे 'स्लीप' येतं. आला ना घोळ? देवदत्तला बघताक्षणी फरक कळतो. एजंट तर लिहिलंय तेच वाचणार!

मी विचारलं, देवाशपथ विचारलं. "सर, कुठला झोपलेला?"

तो सगळ्यांसमोर ओरडला, "हिला झोपलेला माहीत नाही! आधी तू जागी हो!"

सगळे हसले. माझे कान असे तापले ना! बोलली मनात, ठीक आहे, घे. शब्दन्‌शब्द तसाच टाकला आणि वर मोठ्ठ्या अक्षरात, लेखक : देवदत्त सामंत.

बुधवारी सकाळी, लॅबच्या गर्दीच्या टायमाला, सिस्टिम जड झाली. एजंटने टूल चालवलं. शंभरावर प्रोग्रॅम 'स्लीप'. मशीनकडून आकडे यायची वाट बघत होते बिचारे. एजंटने सगळे मारले, मिनिटभरात! रिपोर्ट अडकले, फोन सुरू. एक बाई रडत होती, नवऱ्याचं ऑपरेशन रिपोर्टसाठी थांबलंय म्हणून. दुपारी गेला तिचा रिपोर्ट, पण तोपर्यंत माझं हसू पार उडालं होतं.

मॅडमनी एजंटलाच विचारलं, का मारलेस? स्क्रीनवर आलं, "देवदत्त सामंत यांचं डॉक्युमेंट, बारावी ओळ."

देवदत्त लगेच माझ्या टेबलाशी. हळूच बोलतो, "वरचं नाव काढ, तुझं टाक. नाहीतर शुक्रवारी बघतो तुला."

मी बोलली, अख्ख्या फ्लोरला ऐकू जाईल अशी, "सर, मला बदलायचा अधिकार नाही ना!"

टाळी नंतर दे रे, पुढचं ऐक.

मॅडमनी दोघांना आत घेतलं. त्याला धू धू धुतला. मग माझ्याकडे वळल्या. "तुला कळलं होतं?"

नाही बोलली असती तर तिथेच कन्फर्म. पण ती बाई डोक्यातून जाईचना. मी बोलली, "हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

आता काय सांगू, त्याची वाट लागावी म्हणून?

तीन महिने प्रोबेशन वाढलं. वर ते डॉक्युमेंट परत लिहायचं, त्याच्याच बाजूला बसून. आज बसलो. तो माझं तोंड बघत नाही, मी त्याचं. बारावी ओळ आली. दात आवळून बोलला, "झोपलेला..."

मी कीबोर्डवरचे हात उचलले. "कुठला झोपलेला, सर?"

दहा मिनिटं स्क्रीनकडे डोळे वटारून बसला. मीपण हात खाली आणले नाहीत. शेवटी एकेक शब्द दगड मारल्यासारखा फेकला, "जो वाट बघतोय, त्याला हात लावायचा नाही." लिहिलं. दोघांचं नाव टाकलं, माझं वर.

आईला अजून सांगितलं नाहीये. आत्ता येताना शेजारच्या शांताबाईंनी परत अभिनंदन केलं. मी थँक्यू बोलली.