पांढऱ्या बगळ्याचा झगा

आमच्या वेन्ड्रेकमध्ये असं मानतात की बाळाला रूप येतं ते दुधातून. रक्त बापाचं असो कुणाचंही, पण नाकडोळे पाजणारीचे. म्हणून गडावरची माणसं दाई निवडताना तिचं गोत्र विचारत नसत, तिचं तोंड निरखत असत.

माझी आई एव्हिस हिला गडावर नेलं तेव्हा माझा भाऊ डिकन तान्हा होता. गडावरच्या बाईसाहेब बाळंतपणात गेल्या होत्या आणि त्यांचा मुलगा इंग्रम भुकेनं निळा पडला होता. आईनं एकीकडे त्याला घेतलं, दुसरीकडे डिकनला. तिची एक ओवी होती, पुढं मी तिच्या मांडीवर आल्यावर ती मलाही ऐकू आली:

एका पाळण्यात बाई, झोपली दोन पाखरं
एक जाईल गडाला, एक राखील मेंढरं

आणि दुधानं आपलं काम केलं. दोघं मोठे झाले तसे पाठमोरे उभे राहिले की आईसुद्धा क्षणभर थबकायची. तेच रुंद खांदे, तेच गव्हाळ केस, मान एका बाजूला कलती ठेवायची तीच ढब.

इंग्रम दाढी फुटायच्या आतच पोरका झाला. त्याच्या वडिलांचं डोकं एका राजानं उतरवलं. मग इंग्रमनं मोठं होऊन त्या राजाला गादीवरून उतरवलं आणि दुसऱ्याला बसवलं. दुसरा मनासारखा वागेना, तेव्हा पहिल्याला कैदेतून काढून पुन्हा बसवलं. उत्तरेपासून खाडीपर्यंत लोक म्हणत, मुकुट राजाच्या डोक्यावर असतो, पण त्याची खुंटी वेन्ड्रेकच्या गडात आहे. त्याच्या माणसांच्या अंगावर निळा झगा असे, छातीवर पांढरा बगळा. तो झगा बाजारात दिसला की बरोबरीचे सरदारही वाट सोडून उभे राहत.

पण आमच्या घरात तो आला की वाकून यायचा, कारण चौकट ठेंगणी होती. चुलीपाशी बसून ओटची भाकरी हातानं मोडायचा, वर मेंढीच्या दुधाचं चीज.

"दूधआई, गडावर दहा आचारी आहेत, एकालाही भाकरी करपवता येत नाही."

"करपलेलीच खायची तर लग्न कशाला केलंस?" आई म्हणायची.

डिकन त्याच्याकडे मेंढपाळांचा मुकादम होता. दोघं लोकरीच्या भावावरून भांडत, आणि हे भांडण पाहूनच कळायचं की एकानं दुसऱ्याला कधी नाकारलेलं नाही.

शेवटच्या लढाईच्या आधी इंग्रम आला तेव्हा मात्र त्यानं भाकरी नुसती हातात धरून ठेवली. उतरवलेला दुसरा राजा परदेशातून फौज घेऊन आला होता. आई त्याच्यासमोर उभी राहिली.

आमच्या मुलखात मोठ्या उमरावांची एक रीत आहे. लढाईत ते आपल्या बांध्याच्या एकदोघांना आपलाच झगा, आपलंच शिरस्त्राण घालतात. शत्रूचे भाले मग वाटले जातात. जो झगा घालतो त्याच्या घरी जमीन मिळते. बहुतेक वेळा विधवेला.

"इंग्रम," आई म्हणाली. चारचौघांत ती त्याला धनी म्हणे, पण त्या दिवशी चारचौघं नव्हते. "तुला मी काही मागितलं नाही कधी. डिकनला तुझा झगा घालू नकोस."

"मी कशाला घालीन?"

"कारण तुझ्यासारखा तो एकच दिसतो."

त्यानं हातातली भाकरी खाली ठेवली. "माझा झगा मीच घालीन, दूधआई. तुझ्या दुधाची शपथ."

बाहेर डिकन दोघांची घोडी धरून उभा होता. आईनं त्याच्या खांद्यावरची लोकर झटकली आणि म्हणाली, "मागं राहा." तो हसला. "मेंढपाळ मागंच असतो, आई. पुढं जातो तो मेंढा."

लढाई धुक्यात झाली. दुपारपर्यंत नदीवरून स्वारांविना घोडी येऊ लागली आणि आम्हाला कळायचं ते कळलं.

जिंकणाऱ्यांचीही एक रीत आहे. मोठा उमराव पडला की त्याला मठाच्या देवळात आणून फरशीवर ठेवतात, कमरेपर्यंत उघडा, म्हणजे उद्या कुणी म्हणू नये की तो जिवंत आहे आणि पुन्हा येणार आहे. पण ह्या मुडद्याचं तोंड कुऱ्हाडीनं गेलं होतं. म्हणून त्यांनी ओळखायला इंग्रमच्या बाईसाहेबांना बोलावलं, आणि आईला. मी आईचा हात धरून गेले.

शेजारी रक्तानं काळा झालेला झगा पडला होता, बगळ्याचा. अंगाजवळ इंग्रमची पत्नी फिलिपा उभी होती. रडत नव्हती. विजयी फौजेचा सरदार गर्व्हेज टॉलंड खांबाला टेकून सफरचंद खात होता.

"या, म्हातारबाई. बाईसाहेब म्हणतात हेच त्यांचे यजमान. पण बायका नवऱ्याच्या बाबतीत खोटं बोलतात. तू पाजलंस त्याला. तू सांग."

आई वाकली. मीही पाहिलं. उजव्या खांद्यावर लिंबाएवढा गुळगुळीत डाग होता. मेंढ्यांवर खूण करायला डांबर उकळतात, लहानपणी डिकननं त्या काहिलीत काठी घातली होती, तेव्हाचा. आईनं किती दिवस त्यावर हंसाची चरबी लावली होती. तिचा हात माझ्या हातात होता आणि तो एकदम दगडासारखा जड झाला.

"काय गं? बोल की. हा नसेल तर माझे स्वार नदीच्या उताराशी तयार उभे आहेत. समुद्रापर्यंतचं एकेक कोठार पेटवू, पण त्याला शोधून काढू."

बाईसाहेबांनी तेवढ्यात आईकडे पाहिलं. त्यांनाही ठाऊक होतं. आपल्या नवऱ्याचा खांदा कोणत्या बाईला ठाऊक नसतो? त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती, आणि विनवणी करायची लाजही होती.

आईला 'हा माझा डिकन' म्हणता आलं असतं. बैलगाडीत घालून घरी नेता आलं असतं त्याला. आमच्या देवळाच्या आवारात, बापाशेजारी पुरता आलं असतं. आणि मग घंटावाला गल्लीगल्लीतून फिरला असता. आमच्याकडे माणूस गेला की घंटावाला त्याचं नाव पुकारतो, तो कशानं गेला ते सांगतो, आणि सगळं गाव उंबऱ्यात गुडघे टेकून त्या नावासाठी प्रार्थना करतं. त्या प्रार्थनेच्या शिडीनंच आत्मा आगीतून वर चढतो. नाव पुकारलं नाही, तर शिडी नाही.

"हा इंग्रम," आई म्हणाली. "माझ्या दुधाचा आहे. मी ओळखणार नाही का?"

टॉलंडनं सफरचंदाचा देठ फेकला. "पुरा ह्याला," तो म्हणाला, आणि बाहेर स्वारांना घोड्यांवरून उतरायला सांगितलं.

डिकनला मठात संगमरवराखाली ठेवलं. मेणबत्त्या, गाणारे भिक्षू, सगळं इंग्रमच्या नावानं. मेलेल्या माणसावर राजाचा राग राहिला नाही. बाईसाहेबांनी गुडघे टेकले आणि गड त्यांच्या लहान मुलाला परत मिळाला. बाप मेला आहे, एवढ्याच अटीवर.

आणि डिकनचं काय? लढाईवर गेलेल्यांपैकी काही परत आले, काहींचे मुडदे आले. डिकनचं काहीच आलं नाही. मग गावानं आपलं ठरवून टाकलं, तो पळाला.

घंटावाला हॉब विहिरीवर आईला हाक मारून म्हणायचा, "एव्हिस, तुझ्या पोराचा काही सांगावा? ससे कुठवर पळतात गं?"

आई हंडा भरून घ्यायची. घरी आल्यावर मी पेटून उठायची. "सांग ना त्याला! एकदा सांग!"

"सांगून काय? हॉबच्या तोंडातून राजाच्या कानावर जायला किती वेळ लागतो, सिबली?"

सर्वात्म्यांच्या दिवशी हॉब गल्लीतून फिरे. साऱ्या मेलेल्यांची नावं घेई. आमच्या दारासमोरून जाताना घंटा वाजत राही, पण तोंड मिटलेलं असे. आई तरी दरवर्षी उंबऱ्यात येऊन बसे.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका वसंतात, मेंढ्या व्यात होत्या तेव्हा, मी अंगणात होते आणि गल्लीतून हसण्याचा गलका आला. पुढं एक लंगडा माणूस, काठी टेकत, दाढी छातीवर. मागं हॉब आणि पोरंटोरं.

"घे एव्हिस! तुझा ससा परत आला बिळात! मी विहिरीवर विचारलं, डिकन ना रे तू? तर मान हलवली पठ्ठ्यानं!"

त्याची मान एका बाजूला कललेली होती. आई दारात आली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"आत ये," ती म्हणाली. चौकटीखालून तो वाकून आत आला.

दार लावल्यावर तो तिच्या पायांशी बसला. इंग्रमच होता. पलीकडच्या देशात एका कोळ्याच्या घरी राहिला होता, जाळी शिवत. मांडीतली जखम कधी भरलीच नव्हती.

आईनं त्याला पाणीही दिलं नाही. "झगा कुणी घातला त्याच्या अंगावर?"

त्यानं काठी जमिनीवर ठेवली.

"त्यानं स्वतःहून घेतला असेल. तसा होता तो. तसं असेल तर तसं सांग."

मला वाटलं, आता हा हो म्हणेल आणि आईला जरा हलकं वाटेल. पण त्यानं नकारार्थी मान हलवली.

"मी दिला. फौजेची डावी बाजू फुटली, माझ्या मांडीत भाला बसला, आणि मी घाबरलो, दूधआई. मी म्हटलं, डिकन, हे घाल. तो म्हणाला, आईनं नको सांगितलंय. मी पुन्हा म्हटलं. मग त्यानं घातला."

आई उठून चुलीशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. चुलीवरचं उतू गेलं तरी हलली नाही.

"आता कशाला आलास?"

"गडावर जाऊ शकत नाही. मी जिवंत दिसलो तर पोराचं सगळं जाईल, कदाचित डोकंही. मरायला दुसरं घर आठवेना. तू म्हणत असशील तर डिकनचं नाव घेऊन इथं राहतो."

"ते तर तू घेतलंसच. विहिरीवर. मला न विचारता." मग पाठमोरीच म्हणाली, "भाकरी आहे टोपलीत."

तो राहिला. ज्यानं राजे उठवले-बसवले तो आमच्या मेंढ्यांच्या खुरांतले खडे काढू लागला. गाव त्याला पळपुटा म्हणे, पोरं त्याच्या मागं लंगडत चालत. तो कधी उलटून बोलला नाही. एकदाच त्याचा रंग उडालेला मी पाहिला. मेंढ्या धुवायच्या दिवशी गडावरचे तरुण धनी ओढ्याशी आले, मिसरूड फुटू लागलेलं, छातीवर पांढरा बगळा.

"हाच का तो? माझ्या वडिलांना टाकून पळालेला?"

इंग्रम कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. त्यानं टोपी काढली. "होय, धनी."

"वर बघ. कसे गेले ते शेवटी?"

"त्यांच्या झग्यात जो मेला, तो मागं हटला नाही, धनी. एवढं मी पाहिलं."

पोरानं घोडं वळवलं. इंग्रम हातातली मेंढी सोडायलाच विसरला. मी जाऊन ती त्याच्या हातातून घेतली.

पानगळीत जखम काळी पडली. आई रोज पट्टी बदले, काही बोलत नसे. अखेरच्या दुपारी त्यानं तिचा हात धरला. "दूधआई, मला क्षमा..."

"झोप," आई म्हणाली. ती क्षमा होती की नाही, मला आजही ठाऊक नाही. पण तिनं हात काढून घेतला नाही, त्याचा थंड होईपर्यंत.

हॉब घंटा घेऊन आला. दारात टोपी काढून उभा राहिला. मेलेल्याच्या घरी तो थट्टा करत नसे.

"काय पुकारू, एव्हिस? डिकन, एव्हिसचा मुलगा, तापानं गेला. बरोबर?"

"लढाईत लागलेल्या जखमेनं गेला, असं पुकार."

हॉब अवघडला. "अगं, पण गाव म्हणेल..."

"मी त्याला धुतलं आहे, हॉब. भाल्याची जखम आहे. पुढून लागलेली. ये, बघ."

तो आत येऊन बघून आला. बाहेर पडताना त्याचं तोंड उतरलं होतं. "पुढून आहे," तो स्वतःशीच म्हणाला. मग घंटा उचलली.

"वेन्ड्रेकच्या भल्या माणसांनो! डिकनसाठी, एव्हिसच्या मुलासाठी प्रार्थना करा! लढाईतल्या जखमेनं तो गेला!"

एकेक दार उघडलं. पिठाचे हात, भिजलेले हात, सगळे उंबऱ्याउंबऱ्यात खाली बसले. हॉब गिरणीकडच्या गल्लीत वळला आणि तिथूनही नाव ऐकू येत राहिलं.

आईही उंबऱ्यात गुडघे टेकून होती. डिकनचं नाव तिनं मोठ्यानं घेतलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. त्यानंतर तिचे ओठ आणखी एका नावासाठी हलले, आवाज न करता.