डावीकडे बघणारी मुलं

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना खुळखुळा आहे. माझा रंग उडाला आहे, मूठ वाकली आहे. पण त्या सोमवारी मी अगदी जोमात वाजलो होतो. तो दिवस आधी सांगतो, कारण तसा दिवस पुन्हा आला नाही.

बदलापुरात नदीकडच्या रस्त्यावर महिपतींचा फोटो स्टुडिओ आहे. त्या सोमवारी एक आई आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन आली. पासपोर्टसाठी फोटो हवा होता. बाळ समोर बघेचना. पंख्याकडे बघे, दिव्याकडे बघे, आईच्या मंगळसूत्राकडे बघे. महिपतींची बायको अंजनीबाई मागच्या खोलीत मटार सोलत होत्या. पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या, खणातून मला काढलं आणि कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या. ती त्यांची ठरलेली जागा.

“ए बाई माझी, इकडं बघ! कोण आलंय? खुळखुळेसाहेब आलेत!”

बाळ हसलं. महिपती नेहमीसारखे ओरडले, “अंजने, हात! फ्रेममध्ये येतोय.”

“येऊ दे की. तुमची फ्रेम काय झिजते?”

“आणि पासपोर्टला हसलेलं चालत नाही. आता गप्प कर तिला.”

“ते तुम्ही करा. तुमचं तोंड बघितलं की आपोआप होईल.”

बाळाची आई खुर्चीला धरून हसत सुटली. फोटो झाला. अंजनीबाईंनी मला पदरानं पुसून खणात ठेवलं आणि अंबरनाथला मुलीला फोन लावला. “माधवी, रविवारी ये गं. मटाराच्या करंज्या करते.” माधवी येते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनीबाई उठल्या नाहीत. झोपेतच गेल्या.

आता माझी गोष्ट ऐका. माझा जन्म अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ, महाशिवरात्रीच्या जत्रेत झाला. एका खेळणीवाल्यानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, वाकवून, डाग देऊन मला घडवलं. खुळखुळ्यात घालायचे मणी त्या दिवशी संपले होते. त्यानं शेजारच्या वालधुनी नदीतले बारीक खडे उचलले आणि माझ्या पोटात भरले. म्हणून माझा आवाज इतर खुळखुळ्यांसारखा किणकिणीत नाही, जरा घोगरा आहे. वर लाल-पिवळा रंग दिला आणि अंजनीबाईंनी मला विकत घेतलं. त्यांच्या कडेवर तेव्हा छोटी माधवी होती.

महिपतींनी नुकताच स्टुडिओ उघडला होता. उल्हासनगरच्या बाजारातून डोंगर आणि तळं रंगवलेला पडदा आणला होता. त्या पडद्यापुढे पहिला फोटो आपल्या लेकीचा काढायचा, असं त्यांनी ठरवलं. लेक मात्र भोकाड पसरून बसली. अंजनीबाईंनी कॅमेऱ्याशेजारी उभं राहून मला वाजवलं. माधवीनं रडणं थांबवलं, मान वळवली आणि बोळकं उघडून हसली. तेवढ्यात फोटो निघाला.

त्या दिवसापासून मी स्टुडिओचा झालो.

बारशाची बाळं आली, जावळ काढायच्या आधीची बाळं आली, पहिल्या वाढदिवसाला टोपी घातलेली आणि त्या टोपीवर रागावलेली बाळं आली. अंजनीबाई प्रत्येकाच्या गालावरची तीट नीट करत, झबलं सरळ करत आणि मग आपल्या जागी जाऊन मला वाजवत. त्यामुळे आमच्या स्टुडिओतल्या फोटोंना एक खूण पडली. मुलं कॅमेऱ्याकडे बघत नसत, जरा डावीकडे बघत. बाजारपेठेतले दुसरे फोटोग्राफर भगवानशेठ चिडवायचे, “काय महिपती, तुझी सगळी पोरं तिरळी कशी रे?” महिपती म्हणायचे, “तिरळी असू देत, हसतात ना? तुझी पोरं पोलीस चौकीत बसल्यासारखी दिसतात.”

माधवीचा पहिला फोटो काउंटरच्या वर, उंचावर लावला होता. गिऱ्हाइकं कौतुक करत. मोठी झालेली माधवी अभिमानानं सांगे, “माझ्या बाबांनी काढलाय.” अंजनीबाई मागे उभ्या राहून मान डोलवत. खरंच तर होतं ते.

मग एका जुलैत नदी रस्ता ओलांडून थेट आत आली. खालच्या कपाटातले अल्बम चिखलात गेले. महिपती-अंजनीबाईंच्या लग्नाचा अल्बम त्यातच होता. भिंतीवरचे फोटो तेवढे वाचले. मी पाण्यावर तरंगत राहिलो. अंजनीबाईंनी गुडघाभर पाण्यात मला पकडलं आणि म्हणाल्या, “अहो, हा बघा, पोहतोय!” त्या संध्याकाळी त्या घरात हसलेलं तेवढंच.

पुढे मोबाइल आले. घरोघरी फोटो निघू लागले आणि स्टुडिओत फक्त ओळखपत्रांची माणसं उरली. मी खणात गेलो. तक्रार नाही, मित्रांनो. ज्याला इतक्या मुलांनी हसून बघितलं, त्यानं कसली तक्रार करायची?

अंजनीबाई गेल्यानंतर मात्र एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. तेराव्याला फोटोला हार घालायचा, तर फोटोच नव्हता. गावाचे फोटो काढणाऱ्याच्या घरात त्याच्या बायकोचा फोटो नव्हता! माधवीनं मोबाइल धुंडाळला. तिच्या मुलाचे शेकडो फोटो होते, आणि प्रत्येक वेळी आजी त्याला हसवायला मोबाइलच्या मागे उभी होती. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. महिपतींनी तो उलटा करून ठेवला.

“ही अंजनी नाही,” ते म्हणाले. “फ्रेममध्ये येऊ नको, बाजूला हो, हेच मी तिला जन्मभर सांगितलं. तिनं ऐकलं.”

माधवी त्यांच्याजवळ गेली. तिनं वडिलांच्या पाठीवर हात ठेवला.

बाराव्या दिवशी मोरिवलीच्या काशीबाई भेटायला आल्या. सोबत त्यांचा मुलगा हितेश होता, आता आनंदनगरच्या कारखान्यात काम करणारा, दाढीमिशीवाला. काशीबाईंचं माहेर बदलापूरचं. बाळंतपणाला आलेल्या असताना त्यांनी हितेशचा फोटो आमच्याकडे काढला होता. पिशवीतून त्यांनी तोच फोटो काढला.

“दादा, आठवतंय का? यो फोटो तुमी फाडाया निंगाले व्हते. वाया गेला बोलले. मीच बोलले, मना योच पायजे, यान माजा पोर हासलाय. हात दिसतं तं दिसूं दे.”

महिपतींनी फोटो हातात घेतला. गुबगुबीत हितेश डावीकडे बघून खदखदून हसत होता. आणि फोटोच्या कडेला, आत आलेला एक हात होता. हिरव्या बांगड्या, मनगटावर गोंदलेलं तुळशीचं रोप, आणि मुठीत मी, लालपिवळा, कोराकरकरीत.

महिपतींनी त्या गोंदलेल्या तुळशीवरून बोट फिरवलं.

माधवीनं तेराव्यासाठी आणलेला हार त्या फोटोला घालायला उचलला, तशा काशीबाई दचकल्या. “नको गो बाय! माजा पोर जिता हाय. जित्याचे फोटोला हार घालाचा नय.”

हितेश म्हणाला, “काका, टेन्शन नका घेऊ. मी मोबाइलवर मला कापून टाकतो, नुसता हात ठेवू.”

“नको रे,” महिपती म्हणाले. “तू हसतोयस, म्हणून तो हात कोणाचा ते कळतंय. हार राहू दे. फोटो भिंतीवर लावू.”

तेराव्याला पाटावर मला ठेवलं आणि हार माझ्याशेजारी ठेवला. आसपासच्या शेजारणी आल्या, भगवानशेठ आले, पूर्वी माझ्याकडे बघून हसलेली कितीतरी मोठी माणसं आली. कोणी मला हळूच हलवून बघितलं. घोगरा आवाज ऐकून एक उंच बाई रडता रडता हसली.

मित्रांनो, मी साधा पत्रा आहे, मोठा उपदेश मला येत नाही. इतकंच सांगतो. तुमच्या घरी फोटो काढताना कोणीतरी नेहमी बाजूला उभं असतं. ‘मी नको, माझा अवतार बघ’ असं म्हणतं. त्या माणसाचा हात धरा आणि त्याला आत ओढा. फोटो बिघडला तरी चालेल. बिघडलेला फोटो फाडू नका.

जेवणं उरकली, पाहुणे पांगले. महिपती आत जरा आडवे झाले. माधवीनं मला पाटावरून उचललं आणि कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला, आईच्या जागी जाऊन उभी राहिली. तिथून तिनं भिंतीकडे बघितलं. फोटोतला गुबगुबीत हितेश तिच्याकडे बघत होता. टोपीवाली बाळं तिच्याकडे बघत होती. वरून, डोंगर-तळ्याच्या पडद्यापुढून, बोळकं उघडून छोटी माधवी तिच्याकडेच बघत होती.

तिनं मला एकदा वाजवलं. मग कोणी ऐकत असो वा नसो, मोठ्यानं म्हणाली,

“आई, तो फोटो बाबांनी काढला, पण मी तुझ्याकडे बघून हसले होते गं.”