दुपारची गोळी

रोज दुपारी तीनच्या सुमारास आईचा श्वास अडकायला लागला, तेव्हा आम्ही सगळे तिच्या छातीच्या मागे लागलो. फोटो काढला, रक्त तपासलं, तोंडात मारायचा पंप आणला. कंपवाताला सहा वर्षं झाली होती. हात थरथरणं, पाय जमिनीला चिकटणं अंगवळणी पडलं होतं. पण श्वास? ती खिडकीचा गज धरून उभी राहायची आणि म्हणायची, "अरे, छातीवर कोण बसलंय बघ तरी."

कंपवाताच्या गोळ्या दिवसातून चार. तीन मी माझ्या हाताने द्यायचो. दुपारी एकची ती स्वतः घ्यायची, कारण मी तेव्हा चष्म्याच्या दुकानात असायचो आणि बायको कामावर. अडीच-तीनला जेवायला घरी आलो की डबीतला तो कप्पा रिकामा दिसायचा.

"एकची घेतलीस ना?"

"घेतली रे बाबा! घड्याळ गिळून जन्मलास का तू?"

चाळीस वर्षं तिने लोकांचे कपडे शिवले होते. माझ्या मुलीच्या, चिमणीच्या, शाळेतल्या नाटकासाठी झगा हवा होता. बायको म्हणाली, "आई, बाहेर शिवायला टाकू या."

"का? मी मेले का?"

त्या बुधवारी शेजारच्या काकूंचा दुकानात फोन आला. "आधी घरी ये. तुझ्या आईचं अंग थांबतच नाहीये."

आई मशीनपुढे खुर्चीत होती. मान, खांदे, हात, सगळं पिळवटत, डुलत होतं. श्वास तुकड्यातुकड्याने येत होता. एक आत जायच्या आधीच दुसरा बाहेर. निळं कापड मधोमध वेडंवाकडं चिरलेलं. कात्री काकूंनी काढून घेतली होती. बटणांचा डबा उघडा होता आणि पांढऱ्या बटणांत पांढऱ्या गोळ्या. किती दिवसांच्या, कोण जाणे.

"किती घेतल्यास?"

"तीन."

"एकदम?"

"एका गोळीत... हात तासभर थांबतो," ती धापा टाकत म्हणाली. "झग्याला... तीन तास लागतात."

दवाखान्यात संध्याकाळपर्यंत ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर घेतलं. "फुप्फुसं चांगली आहेत. दुपारची गोळी चुकली की हातापायांसारखे छातीचे स्नायूही आखडतात, म्हणून दम लागायचा. आज औषध जास्त झालं, तर श्वासही अंगाबरोबर उड्या मारायला लागला. पंप कशाला देत होतात?"

ती तीन आठवडे गज धरून उभी होती आणि मी रिकामा कप्पा बघून समाधान मानत होतो.

आता मी एकच्या आधीच जेवायला घरी येतो. एक वाजता गोळी देतो, वर पाणी पाजतो. झगा बाहेरून शिवून आला. चिमणीने तो घालून दाखवला, तेव्हा आईने खांद्याची शिवण बोटाने चाचपली आणि "बरा आहे" एवढंच म्हणाली.

तीन वाजता दम लागत नाही. काल गोळी दिली, तेव्हा ती म्हणाली, "श्वास येतो रे आता नीट. पण दिवसभर नुसता श्वासच घेत बसायचं का?"

मी पाण्याचा पेला बाजूला ठेवला.

"तोंड उघड," मी म्हणालो. "जीभ वर कर."

तिने भिंतीकडे बघत जीभ वर केली.